दोन टक्के भेसळ

माझ्या प्रयोगशाळेत स्टीलचा चिमटा आणायला बंदी आहे. दारावर तशी पाटी आहे. पाटी वाचूनही जो चिमटा घेऊन आत येतो, त्याला मी त्याच पाटीखाली उभं करून ती मोठ्यानं वाचायला लावते. मग तो एमएस्सीचा विद्यार्थी असो नाहीतर बाहेरून आलेला प्राध्यापक. परळच्या आमच्या कॉलेजात मला सगळे खडूस म्हणतात, आणि चौथ्या मजल्यावर उगाच कोणी चढून येत नाही.

कारण सांगते. आम्ही काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा थर चढवतो, केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाइतका पातळ. त्याला फिल्म म्हणतात. ती स्वच्छ पारदर्शक असते आणि चुंबकाला अजिबात भीक घालत नाही. तिच्यात आम्ही मुद्दाम दोन टक्के मँगनीज घालतो. आमच्या धंद्यात भेसळ हा गुन्हा नाही, कसब आहे. अशी भेसळीची फिल्म साध्या खोलीच्या तापमानाला चुंबकासारखी वागेल का, हे जगभरातले लोक कित्येक वर्षं शोधतायत. बहुतेकांची वागत नाही. ज्यांची वागते त्यांनी बहुतेक वेळा काच स्टीलच्या चिमट्यानं उचललेली असते. चिमट्यातलं लोखंड काचेच्या कडेला घासतं, डोळ्यांना दिसत नाही पण यंत्राला दिसतं, आणि माणूस पेढे वाटून बसतो.

हितेंद्र नावाच्या माझ्या एका सहकाऱ्यानं असेच पेढे वाटले होते. भर परिसंवादात मी उठून त्याला विचारलं, "चिमटा कुठल्या कंपनीचा वापरलात?" सभागृह हसलं. त्यानंतर त्यानं संशोधन सोडलं, आता दादरला बारावीचे क्लास घेतो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चूक त्याची होती.

दर्शना मेस्त्री माझ्याकडे पाच वर्षं पीएचडी करत होती. लालबागच्या चाळीतली मुलगी. वडील गिरणी कामगार होते, ते लवकर गेले. आई शेवंतीबाई एका पाळणाघरात काम करायच्या. दर्शना हुशार होती, पण त्याहून जास्त चिवट होती. एक फिल्म करायची म्हणजे काचेवर द्रावणाचा थेंब टाकायचा, काच स्पिनरवर गरगर फिरवायची, तापलेल्या प्लेटवर वाळवायची, आणि हे दहा वेळा करायचं. घावनं घालण्यासारखंच काम, फक्त खायला काही मिळत नाही. पाच वर्षांत तिनं अशा सहाशे फिल्म्स केल्या आणि सगळ्या मेलेल्या निघाल्या. मार्चअखेर प्रबंध जमा झाला नाही तर तिची नोंदणी रद्द होणार होती. जमा व्हायला माझी सही लागत होती, आणि मेलेल्या फिल्म्सच्या प्रबंधावर मी सही करणार नाही हे मी तिला स्पष्ट सांगितलं होतं.

गेल्या खंडेनवमीला मी सुट्टीवर होते. दसऱ्यानंतर आले तर स्पिनरला झेंडूचा हार आणि झाकणावर हळदकुंकू.

"हे कोणी केलं?"

"मी, मॅडम," दर्शना म्हणाली. "वर्षातून एकदा. बाबा पण मशीनला वाहायचे."

"तुझे बाबा सूत काढायचे. मी नॅनोमीटर मोजते."

ती लाल झाली. तेव्हा तिला लाल होता यायचं. मी तिच्याकडून सगळं यंत्र सुटं करून स्पिरिटनं पुसून घेतलं, अकरा ते पाच. मध्ये तिला जेवायला सोडलं नाही. आमचे लॅब असिस्टंट सिल्वेस्टर दोनदा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. सिल्वेस्टर गिरगावचे, तीस वर्षं नोकरी झालेला शांत माणूस. मला घाबरत नाही असा कॉलेजातला बहुधा एकटाच.

दुसऱ्या दिवशी तिनं फिल्म केली. मोजायची पद्धत साधी आहे. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये फिल्म ठेवायची आणि तिच्यातून लेसरचा किरण सोडायचा. फिल्ममध्ये चुंबकत्व असेल तर प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित कलते. तो कल मिलिडिग्रीत मोजायचा आणि त्यातून काचेचा स्वतःचा वाटा वजा करायचा. पाच वर्षं आमचा आकडा शून्याला चिकटून होता. त्या दिवशी अकरा आला.

"कुंकू," मी म्हणाले.

तिच्या घरच्या डबीतलं कुंकू आणवलं आणि चिमूटभर चुंबकाखाली धरलं. काही नाही. स्पिनर बदलला, नवं द्रावण केलं, काचा नव्या खोक्यातल्या घेतल्या. प्लॅस्टिकचे चिमटे तर होतेच, तेही नवे काढले. आकडा तेराच्या घरात गेला. माझा दुसरा विद्यार्थी हर्षवर्धन याला मी तिच्या शेजारी बसवलं. तेच द्रावण, तोच चिमटा, तीच दुपार. त्याच्या पाच फिल्म्स, तिच्या पाच. कुठली कोणाची हे फक्त सिल्वेस्टरना माहीत, चिठ्ठी त्यांच्या खिशात. मी दहाही मोजल्या. पाच मेलेल्या होत्या, पाच जिवंत. चिठ्ठी उघडली तर पाचही दर्शनाच्या. हातमोजे घालून झाले, मग दोन-दोन घालून झाले. मी स्वतः एक फिल्म केली. ती मेलेली निघाली.

मी देवधर्म, भूतखेत काही मानत नाही. मी एवढंच म्हटलं की प्रयोगात एक चल राशी अजून सापडलेली नाही. आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्या संध्याकाळी मी हिंदमाताला उतरून स्वतःसाठी साडी घेतली.

पण काही गोष्टी वहीत लिहाव्या लागल्या. दर्शना यंत्राजवळ बसली की आकडा चढायचा. ती पाणी प्यायला बाहेर गेली की दोन-तीननं उतरायचा. खोलीला एक वास यायला लागला, घामेजल्या मुठीत नाणी धरल्यावर येतो तसा. फिल्म्स पूर्वी पाण्यासारख्या असायच्या. आता उजेडात धरल्या की कडेला फिकट गुलाबी झाक दिसायची. मँगनीजनं तसा रंग येत नाही.

डिसेंबरात त्यांच्या मंडळाचं रक्तदान शिबिर होतं. दुसऱ्या दिवशी ती हसत हसत सांगत होती, "मला हाकललं मॅडम! दरवर्षी देते मी. म्हणे हिमोग्लोबिन साडेनऊ. गेल्या वर्षी तेरा होतं."

"डाएट करतेस?"

"छे हो. चार-चार चपात्या खाते."

मी साडेनऊ हा आकडा वहीच्या समासात लिहून ठेवला. तेव्हा तरी निव्वळ सवयीनं.

जानेवारीत तिची आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. आठ. आमचा आकडा सव्वीस होता. फेब्रुवारीत सात, आमचा एकोणचाळीस. एका रविवारी मी घरी आलेखाचा कागद काढला. आडव्या अक्षावर तिचं रक्त, उभ्या अक्षावर माझी फिल्म. ठिपके जोडले. इतकी सरळ रेघ मला सबंध नोकरीत कधी मिळाली नव्हती. मी तो कागद बराच वेळ बघत बसले, मग घडी घालून पर्समध्ये ठेवला.

इथे एखादी भली बाई थांबली असती. मी थांबले नाही. उलट दर्शनासाठी रोज डबा न्यायला लागले. पालक, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे. तिला मांसमच्छी चालायची म्हणून शुक्रवारी कलेजी करायचे, मी स्वतः खात नसताना. स्टाफरूममध्ये माझं कौतुक झालं. पाटकर मॅडम वरून फणस, आत गरा, असं कोणीतरी म्हणालं. दर्शनाचे डोळे भरून यायचे. डॉक्टरांनी तिला सलाइनमधून लोह द्यायला सुरुवात केली, दर मंगळवारी. मी फिल्म करायचा वार बदलून बुधवार केला.

बुधवारचे आकडे फार चांगले येत.

सिल्वेस्टरनी एकदा जिन्यात मला गाठलं. "मॅडम, पोरगी पांढरीफट पडलीय. तिला घरी पाठवा."

"डॉक्टर बघतायत ना तिला. तिला प्रबंध जमा करायचाय."

"तिला की तुम्हाला?"

"तुम्ही काचा धुवा, सिल्वेस्टर."

ते गेले नाहीत. खालच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "तुम्ही ते मशीनवर मोजता ना, ते नक्की काय मोजता?" मी वर निघून आले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दर्शना लालबागच्या नाक्यावर चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात तिला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. तिच्या गटाचं रक्त कोणाचं, तर सिल्वेस्टरचं. त्यांनी रांगेत उभं राहून दिलं. सगळ्या तपासण्या झाल्या. पोटात, आतड्यात कुठेही रक्तस्राव नव्हता, रक्ताचा कुठला आजार नव्हता. तिच्या रक्तातलं लोह जातंय कुठे, ते डॉक्टरांना कळेना.

घरी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. आमचा शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला होता आणि परीक्षकांना आणखी एक मोजणी हवी होती. सबंध एक तास, न थांबता.

"मॅडम, आई सोडत नाहीये," ती म्हणाली. "हर्षवर्धन करेल ना? फिल्म तर तयार आहे."

"फिल्म तुझी आहे. तूच बस. खुर्चीत बसायचंय फक्त."

मागे प्रेशर कुकरची शिटी ऐकू येत होती.

"शेवटचंच, दर्शना. ही मोजणी झाली की मी सही करते. पेन घेऊनच येते."

"नक्की ना?"

"मी कधी शब्द मोडलाय?"

ती सकाळी साडेदहाला टॅक्सीनं आली. चौथ्या मजल्यावर यायला तिला वीस मिनिटं लागली. ओठांचा रंग कोपराच्या कातडीसारखा झाला होता, पण केस नीट विंचरले होते आणि कानात छोटे मोती होते. बहुतेक सहीचा दिवस म्हणून. प्रबंधाची बांधलेली प्रत तिनं माझ्या टेबलावर ठेवली. मी तिला यंत्राशेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि तिचं बोट फिल्मच्या चौकटीवर ठेवायला सांगितलं. चौकट हलू नये म्हणून, असं म्हणाले. चौकट हलत नाही. ती स्क्रूनं बसवलेली असते.

अकराला सुरुवात केली. खिडकी उघडी होती, ऊन होतं, खाली कोणीतरी भंगारवाल्याशी हुज्जत घालत होतं.

आकडा एकेचाळीस.

सव्वाअकराला बावन्न. नाण्यांचा वास एवढा दाट झाला की मला तो जिभेवर लागायला लागला.

"मॅडम, हात गार पडलाय."

"एसीमुळे. काढू नकोस."

एसी बंद होता.

साडेअकराला त्रेसष्ट. तिनं डोकं भिंतीला टेकलं. सिल्वेस्टर दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, बास का?"

"दहा मिनिटं."

एकाहत्तर.

"मॅडम..."

"हलू नकोस. आकडा हलतो."

ती हलली नाही. फार आज्ञाधारक मुलगी.

अठ्ठ्याहत्तर. मग चौऱ्याऐंशी. तिथे तो थांबला आणि एक मिनिट, दोन मिनिटं जागचा ढळला नाही. इतका स्थिर आकडा मी कुठल्याही यंत्रावर पाहिलेला नव्हता. त्या दोन मिनिटांत दर्शनाकडून काही आवाज आला नाही.

मी आधी आकडा लिहिला. वेळही लिहिली, अकरा अठ्ठेचाळीस. मग तिच्याकडे वळले.

तिला सिल्वेस्टरनी उचललं, हातांवर घेऊन चार जिने उतरून खाली नेलं. दोन दिवस ती हॉस्पिटलात होती. रक्त चढवत होते, ते टिकत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. स्मशानात शेवंतीबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. प्रबंधावर मी त्याच दिवशी दुपारी सही केली. शब्द मोडला नाही.

सिल्वेस्टरनी रसायनशास्त्र विभागात बदली मागून घेतली. किल्ल्या टेबलावर ठेवताना ते म्हणाले, "तुम्ही आधी काय केलंत, ते मी बघितलंय." मी म्हटलं, "प्रयोगात नोंद वेळेवरच करायची असते." त्यांनी मान हलवली, रक्त देताना टोचलेल्या सुईची खूण ज्यावर अजून दिसत होती तो हात खिशात घातला आणि निघून गेले. त्यानंतर ते समोरून आले की जिना बदलतात.

मला झोप लागत होती का, असं कोणी विचारलं नाही. लागत होती. मला दुसरीच काळजी होती. तिच्या फिल्म्स विझत होत्या. चौऱ्याऐंशीची फिल्म आठवड्यात साठवर आली, मग तेहतीसवर, एप्रिलच्या शेवटी नऊवर. कडेची गुलाबी झाक गेली. परीक्षकांचं पत्र आलं होतं की छपाईआधी सहा महिन्यांच्या मोजण्या द्या, म्हणजे परिणाम टिकाऊ आहे हे दिसेल. मी हर्षवर्धनला चौकटीवर बोट ठेवून बसवलं. नऊ. मी स्वतः दोन तास बसले, माझं हिमोग्लोबिन साडेतेरा असताना. नऊ. माझ्यातलं त्याला काही नको होतं. हे मला अपमानासारखं लागलं, आता लिहितानाही लागतंय.

मग शेवंतीबाई आल्या, दर्शनाच्या कपाटातल्या वस्तू न्यायला. ॲप्रन, छत्री, पाण्याची बाटली. पन्नाशीची, काटक, सावळी बाई. वस्तू पिशवीत भरून झाल्या तरी त्या उभ्याच होत्या.

"मॅडम, ती हंय काय करायची, ता माका कधी कळलाच नाय. माका एकदा बघूक मिळात?"

मी यंत्रातून फिल्म काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीशी नेली, उजेडात धरली, मग दोन्ही तळव्यांत मिटून छातीशी घेतली आणि तशाच स्टुलावर बसून राहिल्या. अर्ध्या तासानं त्या म्हणाल्या, "गरम आसा हो." आणि हसल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच हसले असेन, असं त्याच म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी फिल्म यंत्रात लावली. सव्वीस.

मी जिन्यापर्यंत धावले. त्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या होत्या. कठड्यावरून वाकून मी हाक मारली, "शेवंतीबाई! वाटेल तेव्हा येत जा. दर मंगळवारी या. अकराला मी असतेच."

"तुमका उगाच त्रास."

"त्रास कसला. तुमच्याच मुलीचं आहे."

मे, जून, जुलै. एकही मंगळवार चुकला नाही. त्या स्टुलावर बसून काच हातात धरतात, तिच्याशी हळू आवाजात बोलतात, कधी घरात काय शिजलं तेही सांगतात. मी माझ्या टेबलाशी पेपर तपासते. सहा महिन्यांच्या मोजण्यांच्या अटीवर निबंध स्वीकारला गेला. पहिलं नाव दर्शनाचं, भोवती काळी चौकट. त्या पानाची प्रत मी शेवंतीबाईंना दिली तेव्हा त्यांनी माझ्या पायांना हात लावला, आणि मी लावू दिला. जूनमध्ये त्या जिन्यात एकदा थांबायच्या. आता प्रत्येक मजल्यावर बसतात. परवा त्यांचं हिमोग्लोबिन आठ निघालं. पाळणाघरवाल्यांनी तपासायला लावलं म्हणे. फिल्म शेहेचाळीसवर आहे, आणि सहा महिने पुरे व्हायला अजून दोन आहेत.

या मंगळवारी निघताना त्यांनी दाराची चौकट धरली, दम खाल्ला, आणि म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? आमची धाकटी, मानसी, माझ्या पाठीच लागलीय. म्हणते मला पण ताईची काच हातात घ्यायचीय. आणू काय पुढच्या टायमाला? उगाच गर्दी नको तुमका."

खरंच सांगते, माझ्या ओठांवर 'नको' आलं होतं.

"किती वर्षांची?" मी विचारलं.

"एकोणीस लागला गणपतीत."

"तब्येत कशी असते तिची?"

"तिका काय धाड भरलीय!" शेवंतीबाई कौतुकानं म्हणाल्या. "आजपर्यंत साधी तापाची गोळी नाय घेतली."

"मग आणा की," मी म्हणाले. "आणि तुम्ही कशाला चढताय एवढे जिने? तिला एकटीलाच पाठवा."